घरी बसून काम: विडीच्या सुपापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत
(पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मला विषय दिला होता, 'गावात राहून, आपल्या सोयीने करता येणारं काम कसं मिळवायचं'. मी इतिहासाचा माणूस. काम मिळवून देण्याची माझी लायकी नाही. पण घरी बसून करायचं काम ही काही इंटरनेटने आणलेली नवलाई नाही. महाराष्ट्रातल्या लाखो बायका ते पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत, आणि त्या कामावरून कोर्टात जे भांडण झालं, ते तुमच्या कामाचं आहे. तेच सांगतो.

तुमचं गाव मिरचीच्या बाजाराचं. मिरची तोडायला जाणाऱ्या बाईला किलोवर पैसे मिळतात. सकाळी लवकर गेली तर जास्त, उशिरा गेली तर कमी. मधेच लेकराला पाजायला घरी आली तरी कुणी विचारत नाही. यालाच इंग्रजी वळणाची माणसं लवचीक काम म्हणतात. आपण उक्तं काम म्हणतो. तिला पगारी सुट्टी का नाही, असं विचारलं तर उत्तर मिळतं, "ती कुठं नोकरीला आहे? तिच्या मर्जीनं येते, मर्जीनं जाते."

अगदी हाच युक्तिवाद 1960-61 साली सर्वोच्च न्यायालयात झाला, आणि तोही महाराष्ट्रातल्या विडी कामगारांवरून.

पहिला खटला नागपूरकडच्या विडी कारखान्याचा. कामगारांनी रजेचा पगार मागितला. मालक म्हणाला, हे लोक वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, विड्यांच्या संख्येवर पैसे घेतात, हे माझे कामगारच नाहीत. डिसेंबर 1960 मध्ये न्यायालयाने हे मानलं नाही. न्यायालयाने काय पाहिलं? माणसाला काम कारखान्यातच करावं लागतं, घरी नाही. हजेरी लागते. दुपारनंतर आला तर त्याला काम देत नाहीत. आणि संध्याकाळी विड्या तपासून खराब विड्या बाजूला काढण्याचा हक्क मालकाचा. म्हणजे देखरेख आहे. म्हणजे तो कामगार आहे.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1961 मध्ये, दुसरा खटला आला. शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. भांडण कशाचं, तर एका विडी कामगाराच्या चार दिवसांच्या रजेच्या पगाराचं! चार दिवस! इथे वेळेचं बंधन आणखी सैल होतं. मनाला येईल तेव्हा यायचं-जायचं, पानं कापायला घरी नेली तरी चालायची. फार दिवस गैरहजर राहायचं असेल तरच कळवायचं. तीनपैकी दोन न्यायमूर्ती म्हणाले, हा कारखाना कायद्याच्या अर्थाने कामगार नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी विरोधी मत दिलं. म्हणजे एकाच धंद्यात, वर्षाच्या आत, एकाला रजा आणि दुसऱ्याला नाही. फरक फक्त मोकळीक किती, याचा. ज्याला जास्त मोकळीक, त्याचा हक्क गेला. इतिहास वाचताना मला हा भाग नेहमी थांबवतो.

मालकांना यातून वाट दिसली, असं नाही. वाट आधीच सापडली होती. 1948 चा कारखाना कायदा आल्यावर पुष्कळ विडी मालकांनी कारखान्यातलं काम ठेकेदारामार्फत घरोघरी पाठवायला सुरुवात केली होती. सिन्नर, संगमनेर, अहमदनगर, सोलापूर, कामठी, गोंदिया. रात्री तेंदूची पानं भिजत घालायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची. घराचं भाडं तिचं, दिव्याचं तेल तिचं, मदतीला बसलेली पोरगी तिची. मालकाचा फक्त माल. आणि मोजताना छाट! छाट म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्या. त्याचे पैसे नाहीत आणि बहुतेक वेळा विड्याही परत नाहीत. छाट किती निघायची, हे ठरवायचा माणूस खिडकीपलीकडे. (टाळ्या नकोत, ही काही विनोदाची गोष्ट नाही.)

मग 1966 साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांचा कायदा केला. त्यात एक मोठी गोष्ट होती. मालकाकडून वा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणारी व्यक्तीसुद्धा 'कर्मचारी' ठरली. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. 1974 मध्ये मंगळूर गणेश विडीच्या खटल्यात न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. 1977 मध्ये भविष्य निर्वाह निधी विडी उद्योगाला लागू झाला. मालक पुन्हा कोर्टात. 1985 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की घरी विड्या वळणारेही कर्मचारीच, आणि कारणांमध्ये एक कारण काय? विड्या नापसंत करण्याचा मालकाचा हक्क! म्हणजे ज्या छाटीने बाईला लुटलं, त्याच छाटीने तिला कामगार ठरवलं. कामगार संघटनांची वर्षानुवर्षांची धडपड यामागे आहे. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची 10 हजार घरांची वसाहत 2006 साली उभी राहिली, तीही याच संघटित ताकदीवर.

याच काळातली दुसरी वाट थोडक्यात. 15 मार्च 1959 ला गिरगावात जसवंतीबेन पोपट आणि आणखी सहा बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे लिज्जत. पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी द्यायचं. काम विडीसारखंच घरी, पण लाटणारी बाईच संस्थेची सभासद. छाट ठरवणारी खिडकी आणि काम करणारी बाई एकाच बाजूला. हे प्रत्येक गावात जमेल असं मी म्हणत नाही. बाजार मिळाला नाही तर सगळी सभासदकी कोरडीच राहते.

आता तुमच्याकडे येतो. 2020 च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून मुलं लॅपटॉप घेऊन गावी आली. कॉल सेंटरचं काम घरून करण्यावर आधी सरकारचे कडक नियम होते. कंपनीला मोठी बँक हमी द्यावी लागे. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर 2020 मध्ये ते नियम सैल केले. त्याच वर्षीच्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणारा कामगार, गिग कामगार, प्लॅटफॉर्म कामगार यांच्या व्याख्या आल्या. संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आली. घरून काम करणाऱ्याची व्याख्या तिथे असंघटित कामगारांच्या बाजूला बसवली आहे. विडीवालीला 1966 ला मिळालं तसं 'कर्मचारी' हे नाव नव्हे.

हे मी पुस्तकी बोलत नाही. माझ्या एका भाचीला फोनवर डेटा एंट्रीचं काम मिळालं. कंपनीचं नाव सांगत नाही. दहा दिवस, रोज रात्री पोरं झोपल्यावर फॉर्म भरले. शेवटी निरोप आला, चुका जास्त आहेत, पैसे मिळणार नाहीत, उलट करारभंगाची भरपाई म्हणून तुम्हीच पैसे भरा. मागे वकिलाच्या नावाने नोटीस. पोरगी घाबरली, नवऱ्याला सांगेना. मी तिला विचारलं, चुका कोणत्या ते दाखवलं का? नाही. म्हटलं, ही तर छाट आहे गं! फक्त विडीवालीला ठेकेदाराचं तोंड तरी दिसायचं. तिने एक पैसा भरला नाही. निरोप, करार, सगळं जपून ठेवलं आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार दिली. दहा रात्रींची मजुरी मात्र गेली ती गेलीच.

म्हणून कामाची जाहिरात दाखवायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारतो, काम नापसंत झालं तर ते कोण ठरवणार, आणि तुला दाखवणार का? आधी पैसे मागत असेल तर पुढचं विचारतही नाही.

बरं, वेळ संपत आली. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून आहेत. बोला ताई, माईक द्या त्यांना.