वऱ्हाडातील पाणी आणि पोलाद

वऱ्हाडचा इतिहास लिहिताना परगण्यांच्या जमाबंदीकडे आणि गाविलगड-नरनाळ्याच्या वेढ्यांकडे आपले लक्ष सहज जाते; परंतु ज्याने कुणब्याच्या हाती फाळ, वखराची पास आणि कुऱ्हाड दिली आणि सुगीला खळ्यावर येऊन आपले बलुते नेले, त्या लोहाराच्या विद्येला दप्तरात स्थान मिळाले नाही. या विद्येचे मर्म लोखंड तापविण्यापेक्षा ते निवविण्यात आहे.

भात्याच्या वाऱ्याने लालबुंद झालेली कुऱ्हाड सांडशीत धरून तिची केवळ धार डोणीतल्या पाण्यात बुडवावी, लगेच काढून दगडाने घासावी, आणि मागे उरलेली उष्णता धारेकडे सरकताना उजळ धातूवर आधी पिवळा, मग जांभळा, शेवटी निळा असे जे रंग उमटतात, त्यांतला हवा तो धारेवर येताच सगळे पाते पुन्हा पाण्यात घालावे, असे हे ‘पाणी देणे’ असते. एकाएकी निवल्याने कार्बनाचे अणू लोखंडाच्या स्फटिकांत अडकतात. अडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना कठीण, पण काचेसारखी ठिसूळ असते. म्हणून उरल्या उष्णतेने तिचा ताठा किंचित उतरवावा लागतो.

गवंड्याचा चुनाही पाण्यानेच सिद्ध होई. १४८७ साली नरनाळ्याचा महाकाली दरवाजा उभा राहिला, त्या काळी भट्टीतून निघालेला कळीचा चुना पाण्यात पडताच फसफसून उकळे, शांत होई, आणि भिंतीत गेल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड बने.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मात्र पाण्याचा गुणच निर्णायक ठरतो. मिठाच्या पाण्यात पोलाद अधिक वेगाने निवते, म्हणून कारखान्यांत मुद्दाम मीठ मिसळतात. माणसाची तहान त्याने भागत नाही. १८७६ साली शेंडगावी जन्मलेले आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात वाढलेले गाडगेबाबा याच मुलुखाचे. तहानलेल्याला पाणी देणे हा त्यांनी धर्म मानला, यात या भूमीचा अनुभव आहे. आज वान आणि शहानूर धरणांचे गोडे पाणी नळाने सातपुड्याच्या पायथ्यापासून या पट्ट्यात उतरते.

तहानेची दखल शासनाने घेतली. लोहाराच्या पाण्याची कोणीच घेतली नाही. बाबांचे नाव धारण करणाऱ्या अमरावतीच्या विद्यापीठाने, भात्यापुढे बसणारे वृद्ध कारागीर हयात आहेत तोवर, त्यांची ही विद्या त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी.