काखेतून कक्षेकडे

धारवाडच्या कोर्टात जमिनीच्या कामाला गेलो होतो. व्हरांड्यात कारकून ओरडला, "कक्षिदार यारु?" मी इकडेतिकडे पाहत राहिलो. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अहो, तुम्हालाच बोलावतायत." कानडीत कक्षिदार म्हणजे पक्षकार. मला आकाशाचं वेड. माझ्या लेखी कक्षा म्हणजे ग्रहाची नाहीतर उपग्रहाची, आणि कानडीतही तिला कक्षेच म्हणतात. मग कोर्टात ही कक्षा आली कुठून?

आकाशातल्या कक्षेची वंशावळ सोपी आहे. संस्कृत कक्ष म्हणजे काख. कक्ष्या म्हणजे कमरपट्टा, हत्तीच्या पोटाला आवळतात तो पट्टाही. वेढा घालणारा पट्टा म्हणून ग्रहाची वाट कक्ष्या. 499च्या आर्यभटीयात हा अर्थ रुळलेला दिसतो. आपली काख याच घरची, आणि कासोटाही. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' म्हणणाऱ्याने नकळत शब्दाचा उगम आणि प्रवास एका ओळीत बसवला!

भांडण आहे ते कक्षिदारातल्या कक्षीवरून. एक मत असं, की हा 'पक्ष'चाच बिघडलेला उच्चार. मला पटत नाही. कानडीत 'पक्ष' शाबूत असताना तो बिघडवायची गरज कुणाला पडली? दुसरं मत तमिळकडे बोट दाखवतं: तिथे राजकीय पक्षाला कट्ची म्हणतात. पण कट्चीवरून कक्षी की कक्षीवरून कट्ची, हे आधी ठरायला हवं. तिसरं मत वजनदार आहे. संस्कृत कोशांत कक्षेचा एक अर्थ स्पर्धा, चढाओढ असाही दिला आहे, आणि कोर्टात दुसरं काय चालतं?

तरीही माझा कौल काखेलाच. जो आपल्या काखेतला, तो आपल्या बाजूचा. मराठीत बगलबच्चा झालाच ना? कानडीने त्याला फारसी 'दार' जोडून वकिलाकडे पाठवलं, एवढंच. तेलुगूतही कक्षिदारुडू आहे, त्यामुळे शब्द धारवाडचाच असा हट्ट मी धरत नाही.

चढाओढीचा अर्थ मात्र वर आकाशात खरा ठरला. 10 फेब्रुवारी 2009 रोजी सैबेरियावर सुमारे 790 किलोमीटर उंचीवर अमेरिकेचा चालू इरिडियम 33 आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस 2251 एकमेकांवर आदळले. हजारो तुकडे झाले. आता इस्रो इतरांच्या वाटा तपासून मगच उड्डाण करते. 2023मध्ये चांद्रयान-3चं उड्डाण याच कारणाने 4 सेकंद पुढे ढकललं होतं.

चंद्राभोवतीही गर्दी आहे. 20 ऑक्टोबर 2021 रोजी चांद्रयान-2 आणि नासाचं एलआरओ यान चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ धोकादायकरीत्या जवळ येणार होती. उंचीतला फरक 100 मीटरहून कमी, अंतर जेमतेम 3 किलोमीटर. दोन्ही संस्थांनी आकडे ताडून पाहिले, आणि 18 तारखेला चांद्रयान-2ने वाट बदलली.

हे माझ्या वकीलसाहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला. "दोघे कक्षिदार, न्यायाधीश नाही. मग हलायचं कुणी, हे कुठल्या कलमात?"

"असं कलमच नाही," मी म्हणालो. "बोलून ठरवतात."

"बोलून?" ते म्हणाले, आणि माझी फाइल उघडली.