श्येनविनोद ते कॅमेरा : सोलापूरच्या माळावरचे शिकारी पक्षी

शिकारी पक्षी जवळ असावा, ही माणसाची हौस फार जुनी. बाराव्या शतकात सोलापूरचा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांकडे होता. त्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (सुमारे ११२९) राजाच्या मनोरंजनाचे जे विनोद सांगितले आहेत, त्यांत ‘श्येनविनोद’ आहे. श्येन म्हणजे ससाणा; त्याला शिकवून त्याच्याकरवी शिकार करायची. पक्षी जिवंत राही, पण माणसाच्या मुठीवर आणि पायात बंध घालून.

एकोणिसाव्या शतकात बंदूक आली. इंग्रज अंमलदार पक्षी मारत, कातडे सोलून त्यात कापूस भरत आणि पायाला चिठ्ठी बांधत. दख्खनच्या पक्ष्यांवरचा डेव्हिडसन आणि वेंडेन यांचा लेख अ‍ॅलन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८७८ साली आला, तो याच काळातला. ह्यूम यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात ६० हजारांहून अधिक कातडी होती. आपल्या पक्षिज्ञानाचा पाया या पेट्यांतच आहे, हे नाकारून चालणार नाही.

तिसरी वाट कॅमेऱ्याने दाखवली. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ मध्ये पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले. पुढे तर पोकळ बैलाच्या कातड्यात शिरून ते पक्ष्यांची वाट पाहत. हिंदुस्थानात रेल्वेत नोकरी करणाऱ्या लोथर यांनी आडोशात बसून वर्षानुवर्षे पक्षी टिपले. त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये निघाले. तेव्हाची भिंगे तोकडी, म्हणून घरट्यापाशी दडून बसणे भाग होते. आज लांब पल्ल्याची भिंगे आहेत. जवळ जाण्याची गरज संपली, हौस मात्र संपलेली नाही.

सोलापुरात ही हौस दोन ठिकाणी भागते, आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत. शहरातल्या घारीला माणसाची सवय असते. मटणाच्या दुकानावर घिरट्या घालणारी घार किंवा बागेतल्या झाडावरचा शिक्रा सहज टिपता येतो. शहर सोडून नान्नजकडे निघाले की चित्र पालटते. माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालेला हा माळ शिकारी पक्ष्यांचाही आहे. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या येतात. दिवसभर गवतावरून खालून उडत नाकतोडे, छोटे पक्षी टिपतात आणि सांज झाली की झाडावर न बसता गवतातच, जमिनीवर मुक्कामाला उतरतात. तिथे चांगल्या फोटोसाठी गाडी घातली, की सगळा थवा अंधारात उठतो. सापमार गरुड बोरी-बाभळीसारख्या बुटक्या झाडाच्या शेंड्यावर घरटे करतो आणि एकच अंडे घालतो. माळावर आडोसा नाही. माणूस पक्ष्याला फार दुरून दिसतो. जोडी बिचकून उडाली, तर ते एकुलते अंडे सोलापूरच्या उन्हात उघडे पडते. फोटो सुंदर येतो, वर्ष वाया जाते.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात शिकारीच्या व्याख्येत अंडी वा घरटी विस्कटणेही येते. कायदा करणाऱ्यांना हे पुरते कळले होते, की गोळी न झाडताही शिकार होते.

याच सोलापुरात १९३२ मध्ये मारुती चितमपल्ली जन्मले. वनखात्यात आयुष्य काढून त्यांनी ‘पक्षिकोश’ सिद्ध केला आणि २००६ मध्ये सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. पक्ष्याला हात न लावता तो भाषेत आणता येतो, हे त्यांच्या कामाने दाखवले. कॅमेऱ्यालाही ते साधते, पण घारीजवळ जाण्याचे शहरी अंतर माळावर नेऊन चालत नाही. मूठ, बंदूक आणि भिंग या तिन्हींत भिंगाचेच वेगळेपण असे, की ते पक्ष्याला त्याच्या जागी राहू देते. ते अंतर आपणच मिटवले, तर श्येनविनोदापासून आपण फारसे पुढे आलो, असे म्हणता येणार नाही.