मोकळ्या कचेरीतील बोलणे : एका शोधाचा इतिहास

कचेरीतील गोंगाट प्रयोगशाळेत प्रथम आला तो आवाजाच्या मोठेपणाचा प्रश्न म्हणून. 1920 च्या दशकात अमेरिकेतील कोलगेट विद्यापीठात डोनाल्ड लेअर्ड यांनी टंकलेखकांच्या कामावर होणारा गोंगाटाचा परिणाम मोजला. आवाज उणावला की काम सुधारते, हा त्या विचाराचा गाभा होता. पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस हँबुर्गजवळील क्विकबोर्न येथे एबरहार्ड व वोल्फगांग श्नेले या बंधूंनी आतील भिंतीच नसलेली कचेरी योजिली. कागद व निरोप ज्या वाटेने फिरतात त्या धोरणाने मेजे मांडावीत, खाली गालिचे अंथरावेत, मधूनमधून झाडांच्या कुंड्या ठेवाव्यात, अशी ही मांडणी होती. पावलांचा आवाज गालिच्यात जिरला. शेजाऱ्याचे बोलणे तेवढे उरले.

त्या बोलण्याचा उपद्रव नेमका कशात आहे, हे कळावयास मात्र 1976 साल उजाडावे लागले. कॉल व वेल्श या संशोधकांनी काही व्यक्तींना डोळ्यांनी पाहिलेली अक्षरे त्याच क्रमाने आठवून लिहावयास सांगितली. त्या वेळी कानावर जर्मन उतारा पडत होता. त्यांना जर्मन येत नव्हती, आणि तिकडे लक्ष देऊ नये अशी स्पष्ट सूचनाही होती. तरीही चुका वाढल्या! 1982 मध्ये सालामे व बॅडली यांना निरर्थक शब्दांचाही तोच परिणाम आढळला. निव्वळ गोंगाटाने तसे घडले नाही. कार्डिफ येथील डिलन जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर दाखविले की, एकच स्वर पुनःपुन्हा ऐकविला तर फारसे बिघडत नाही; ध्वनी क्षणोक्षणी बदलत राहिला की क्रमाची स्मृती विस्कटते. आवाज लहान की मोठा, याला नेहमीच्या मर्यादेत फारसे महत्त्व नाही.

पावतीवरील आकडे उतरून घेणारा कारकून हेच क्रम-स्मरणाचे काम दिवसभर करीत असतो. त्याची ‘मन लागत नाही’ ही तक्रार स्वभावदोषात जमा करणे या प्रयोगांनंतर कठीण झाले आहे. वाचन-लेखनाच्या कामात तर बोलण्याचा अर्थही आड येतो. (शांत वाचनालयात दोघांची कुजबुज किती जाचते, हे वाचकांच्या अनुभवाचे असेल.)

खोली अधिक शांत केल्याने दूरचे बोलणे उलट अधिक स्पष्ट होते, ही यातील खरी अडचण होय. म्हणूनच 2012 च्या आंतरराष्ट्रीय मानकात मोकळ्या कचेरीसाठी एक अंतरही मोजावयास सांगितले आहे : बोलणाऱ्यापासून किती मीटरांवर त्याच्या वाणीचा सुगमता-निर्देशांक 0.50 च्या खाली जातो, ते.