‘पोट उघडून की दुर्बिणीने?’
आदिलाबादच्या एका घरात पडलेला हा प्रश्न प्रोस्टेट ग्रंथीच्या साध्या वाढीचा आहे, कर्करोगाचा नव्हे. पोट उघडून वाढलेला गाभा बोटाने सोडवण्याची पद्धत पीटर फ्रेयर यांनी १९०१च्या सुमारास लंडनमध्ये रूढ केली. त्याआधी ते हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत होते. दुर्बिणीच्या ‘टीयूआरपी’त मूत्रमार्गातून विजेच्या तारेने गाठ तुकड्यातुकड्यांनी कापतात, पोटावर टाका नसतो. होल्मियम लेसरने गाभा अखंड सोलतात. रक्त कमी जाते आणि ८० ग्रॅमहून मोठी ग्रंथीही काढता येते. तिन्ही शस्त्रक्रियांनंतर वीर्य बहुधा मूत्राशयाकडे उलटे जाते. डॉक्टरांनी हे आधी सांगायला हवे. आदिलाबादला ‘रिम्स’ हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००८ पासून आहे. लघवी तुंबली, तर वाचकांनी संकोच न धरता लगेच दवाखाना गाठावा. — संपादक