आधी विचारायचं की नंतर?

गेल्या वर्षीची गोष्ट. हापिसच्या ॲन्युअल डेसाठी आम्ही एक अर्ध्या तासाचं नाटुकलं बसवलं होतं. लेखक अस्मादिक. त्यात जंगलात हरवलेले चार इंजिनियर, त्यांना पकडणारे आदिवासी, पानांचे झगे, डोक्यावर पिसं आणि अर्थातच 'झिंगालाला हुर्र हुर्र' होतं. तालमीत लोक पोट धरून हसत होते. प्रयोगाला दोन दिवस उरले असताना कुणीतरी म्हणालं, अरे टेस्टिंगमधला तो आपला मित्र धडगावकडचा आहे ना, पावरा आहे तो. त्याला एकदा दाखवून घे, उगाच नंतर लफडं नको.

मी स्क्रिप्ट घेऊन गेलो. म्हटलं, बघ रे, काही ऑब्जेक्शन आहे का. त्याने पंधरा मिनिटांत वाचलं आणि एवढंच म्हणाला, "आता विचारतोयस?"

नंतर दोन वाक्यं सांगितली, ती मी बदलली. बाकी नाटक तसंच झालं. शेवटी आभार मानताना मी मोठ्या तोऱ्यात त्याचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. तो मात्र हसला नाही.

हे डोक्यातून जाईना म्हणून दोन-तीन विकांत याच विषयावर वाचण्यात घालवले. हल्ली या कामाला 'सेन्सिटिव्हिटी कन्सल्टंट' असं भारदस्त नाव आहे. म्हणजे ज्यांच्याबद्दल आपण लिहितो किंवा सिनेमा काढतो, त्यांच्यातल्याच जाणकाराला विचारणं. हा प्रकार कसा बदलत गेला हे पाहायचं तर डिस्नीचे चार सिनेमे पुरेसे आहेत.

पहिला 'अलादीन', १९९२ सालचा. सुरुवातीच्याच गाण्यात अरब देशाचं वर्णन होतं आणि तोंड आवडलं नाही तर तिथे कान कापतात अशा अर्थाची एक ओळ होती. अमेरिकेतल्या अरब संघटनांनी आक्षेप घेतला. १९९३ मध्ये व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा ती ओळ बदलली, पण तो प्रदेश रानटी आहे असं सांगणारा पुढचा शब्द तसाच राहिला. तो गेला थेट २०१९ च्या नव्या 'अलादीन'मध्ये. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर कस्टमरने बग रिपोर्ट केला, अर्धा फिक्स झाला आणि उरलेल्या अर्ध्याला २६ वर्षं लागली!

दुसरा 'पोकाहोंटास', १९९५. इथे आधी विचारलं होतं बरं का. पोव्हॅटन लोकांपैकी शर्ली 'लिटल डव्ह' कस्टलो-मॅकगोवन यांचा सल्ला घेतला होता. पण खरी पोकाहोंटास १६०७ मध्ये जॉन स्मिथ आला तेव्हा दहा-अकरा वर्षांची पोर होती. पुढे तिला इंग्रजांनी कैदेत ठेवलं, १६१४ मध्ये तिचं जॉन रोल्फशी लग्न झालं आणि १६१७ मध्ये इंग्लंडमध्ये विशीतच ती वारली. सिनेमात काय आहे? तरुण सुंदरी आणि सोनेरी केसांच्या गोऱ्याचं प्रेमप्रकरण. त्या बाई निराश झाल्या आणि त्यांनी तसं जाहीरपणे बोलून दाखवलं. कथा आधीच ठरलेली असली की सल्लागाराच्या हाती उरतात ते फक्त मणी, चामडं आणि उच्चार. हे वाचताना मला माझी ती दोन वाक्यं आठवली. असो.

तिसरा 'मोआना', २०१६. गंमत म्हणजे दिग्दर्शक तेच, 'अलादीन'वाले रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर. या वेळी मंडळी आधी फिजी, सामोआ, ताहितीला जाऊन आली. तिथे एका वडीलधाऱ्या माणसाने मस्करला विचारलं की इतकी वर्षं तुमच्या संस्कृतीने आम्हाला गिळलं, एकदा तुम्ही आमच्या संस्कृतीच्या पोटात जाल का? (असा प्रश्न कुणी विचारला तर आपण काय उत्तर देणार?) मग तिथले मानववंशशास्त्रज्ञ, गोंदणकार, खलाशी, नृत्यजाणकार अशांचा एक गट केला. नाव 'ओशनिक स्टोरी ट्रस्ट'. माउई हा अर्धदेव आधी टकला काढला होता. ताहितीच्या लोकांनी सांगितलं, चालणार नाही, त्याची शक्ती केसांत आहे. त्याला केस आले, आणि पुढे सिनेमात ते केस एखाद्या पात्रासारखे वागायला लागले. मोआना रागाच्या भरात नारळ फेकते असा एक प्रसंग होता, तोही काढला. ज्या नारळावर बेटावरची माणसं जगतात तो कुणी असा भिरकावेल का? आपल्याकडे जेवणाचं ताट लाथाडावं तसं ते.

म्हणजे सल्ल्याने सिनेमा सुधारला. पण सगळं जमलं असंही नाही. माउईसोबत परंपरेने असणारी हिना ही देवी सिनेमात नाहीच, यावर टोंगाच्या अभ्यासकाने बोट ठेवलं. आणि सप्टेंबर २०१६ मध्ये, सिनेमा यायच्या आधीच, पोरांसाठी माउईचा पोशाख बाजारात आला. काय होता? तपकिरी कापडाची कातडी, त्यावर गोंदण छापलेलं. दुसऱ्याची कातडी अंगावर चढवून मिरवायचं! बोंबाबोंब झाली, पोशाख मागे घेतला. एवढा सल्लागारांचा गट असून सिनेमाच्या नावावर हे दुकानात पोचलंच.

चौथा 'फ्रोझन'. २०१३ च्या पहिल्या भागाची सुरुवात होते ती दक्षिण सामी संगीतकार फ्रोदे फ्येलहाइम यांच्या संगीताने. उत्तर युरोपातल्या सामी लोकांची 'योइक' ही गाण्याची पद्धत त्यामागे आहे. मिशनऱ्यांनी हीच पद्धत पाप ठरवली होती. पण सिनेमात सामी लोकांचा उल्लेख नाही, रेनडियरवाल्या क्रिस्टॉफचे कपडे तेवढे त्यांच्यासारखे. टीका झाली. दुसऱ्या भागाच्या वेळी मात्र नॉर्वे, स्वीडन, फिनलंड इथल्या तिन्ही सामी संसदा आणि सामी कौन्सिल यांनी डिस्नीशी चक्क लेखी करार केला. 'वेर्द्देत' नावाचा सामी जाणकारांचा गट नेमला गेला. सिनेमा उत्तर सामी भाषेतही डब झाला, जी भाषा बोलणारे अंदाजे २० हजार लोक आहेत. २०१९ साली त्या पोरांनी एल्साला आपल्या भाषेत बोलताना ऐकलं.

मला प्रश्न पडला, पोव्हॅटनांना जे जमलं नाही ते सामींना कसं जमलं? उत्तर सिनेमाच्या इतिहासात नाही, धरणाच्या इतिहासात आहे. नॉर्वेत आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध सामींनी १९७९ मध्ये ऑस्लोत संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केलं. जानेवारी १९८१ मध्ये सुमारे ६०० पोलीस आणून आंदोलकांना उचललं. १९८२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात हरले. १९८७ मध्ये धरण पूर्ण झालं. लढाई हरली, पण त्या रेट्यातून हक्कांचा कायदा आला आणि १९८९ मध्ये नॉर्वेतली सामी संसद उभी राहिली. बरोबर तीस वर्षांनी ती संसद डिस्नीसमोर करारावर सही करायला बसली. एकटी बाई सल्ला देऊ शकते. करार करायला मागे काहीतरी उभं असावं लागतं.

('फ्रोझन २'ची गोष्टसुद्धा एका धरणाचीच आहे. आजोबांनी मैत्रीची भेट म्हणून बांधलेलं, आणि प्रत्यक्षात तिथल्या लोकांच्या मुळावर आलेलं.)

हे वाचलं आणि मला धडगाव आठवलं. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. अक्राणीचं मुख्य ठिकाण म्हणजे धडगाव. तीन वर्षं तो माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसतोय आणि याबद्दल मी त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं. पानांच्या झग्याबद्दल मात्र विचारलं.

मागच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर विषय काढला. सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "पिसं खोटी नाहीत रे. होळीला घालतात आमच्याकडे, मोराच्या पिसांचा टोप, कमरेला भोपळे, घुंगरं. पण नवस असतो, उपास असतात, नियम पाळायचे असतात. हसायला नसतं ते." दहा मिनिटं तो होळीबद्दल बोलत होता. माझ्या अख्ख्या नाटुकल्यात जेवढं नाट्य नव्हतं तेवढं त्या दहा मिनिटांत होतं!

मी लगेच उत्साहाने म्हटलं, यंदा पहिल्या मीटिंगपासून तूच ये, एक ओळसुद्धा लिहिलेली नाही अजून.

त्याने चहा संपवला, कप ठेवला. "येईन. पण मी एखादी गोष्ट नको म्हटलं, तर थांबशील?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि डोळ्यांसमोर एचआरची मॅडम आली, डायरेक्टरसाहेब आले, हसणारं सभागृह आलं. 'हो' काही निघालं नाही. तो म्हणाला, "सांग मग विचार करून."

सोमवारी मीटिंग आहे.