खैऱ्या रोग (कागदी लिंबावरील)

लिंबूवर्गीय झाडांची पाने, कोवळ्या फांद्या, काटे व फळे यांवर खरबरीत तपकिरी डाग पाडणारा जिवाणुजन्य रोग. झँथोमोनस सिट्री हा जिवाणू त्याचे कारण. कागदी लिंबू व ग्रेपफ्रूट त्याला चटकन बळी पडतात. मोसंबी त्यामानाने टिकते, संत्रा त्याहून बरा. म्हणूनच संत्र्याच्या बागायतदाराला फारसा न छळणारा हा रोग परसातल्या एकुलत्या लिंबाची मात्र पार रया घालवतो.

मूळचा हा आशियातला. क्यू (इंग्लंड) येथील वनस्पतिसंग्रहात १८२७–३१ या काळात भारतातून गेलेल्या नमुन्यांवरही त्याचे डाग सापडले आहेत.

प्रथम पानावर टाचणीच्या डोक्याएवढा पाणीदार ठिपका येतो. तो फुगून पानाच्या दोन्ही अंगांनी वर येतो, मध्यभागी फुटतो आणि भोवती पिवळे वलय उमटते. डोळे मिटून पानावरून बोट फिरवले तरी डाग लागतो. नुसती पिवळी पडलेली पाने अन्नद्रव्याच्या कमतरतेची असू शकतात, ती गुळगुळीतच राहतात. रोग बळावला की पाने गळतात, डहाळ्या वाळतात.

जुन्या डागांतले जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबर उडतात आणि पर्णरंध्रांतून किंवा जखमांतून नव्या पानात शिरतात. वारा-पाऊस एकत्र असला की त्यांचे फावते. पाने पोखरणाऱ्या नागअळीचे चंदेरी, वेडेवाकडे बोगदे तर त्यांना आयतेच दार. पान पूर्ण जून झाले की धोका बराच कमी होतो.

पडलेला डाग कोणत्याही औषधाने जात नाही. उपाय असतो तो पुढच्या पालवीसाठी, आणि नेमके हेच न कळल्याने लोक भर श्रावणात डागाळलेल्या पानांवर फवारे मारत बसतात. पावसाळ्यापूर्वी, कोरड्या हवेत रोगट फांद्या छाटून जाळाव्यात. कात्री दर झाडागणिक निर्जंतुक करावी. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. घरच्यापुरते दहा लिटर करायचे तर १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवून, गार झाल्यावर तिसऱ्या बादलीत एकत्र ओततात. मग घासून लखलखीत केलेला विळा त्यात थोडा वेळ बुडवावा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. तो वाढवावा, नाहीतर पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. एवढा खटाटोप नको असेल त्याने कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम घ्यावे. पुढे नवी पालवी फुटेल तेव्हा, पावसाची उघडीप पाहून, फवारणी पुन्हा करावी. नागअळीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क वापरतात. युरियाचा मारा टाळावा. त्याने लुसलुशीत पालवी माजते आणि रोगाला तीच हवी असते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९९५ नंतर हा रोग समूळ उखडण्याचा चंग बांधला होता. रोगट झाडापासून १,९०० फुटांच्या आतली लिंबूवर्गीय झाडे, निरोगी दिसत असली तरी, तोडायची असा नियम पुढे आला. लोकांच्या अंगणातली झाडे पडू लागली तशी प्रकरणे कोर्टात गेली. अखेर २००४ व २००५ च्या चक्रीवादळांनी रोग सर्वदूर नेला आणि २००६ मध्ये मोहीम गुंडाळावी लागली. आपल्याकडे तर हा रोग घरचाच. एका खैऱ्यापायी फळते झाड तोडण्यात काही हशील नाही.

नवे कलम वा रोप आणताना पानांच्या दोन्ही बाजू तपासून घ्याव्यात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा साई सरबती हा वाण या रोगाला फारशी दाद देत नाही. डागाळलेल्या लिंबाला बाजारात भाव मिळत नाही, पण डाग सालीपुरताच असतो आणि माणसाला त्याचा अपाय नाही. फळ स्वच्छ धुऊन सरबताला खुशाल वापरावे.